मांडव की वाय? द्राक्षबागेचा सांगाडा ठरवण्याआधी

भर दुपारी बारा-साडेबाराला कोणाच्याही द्राक्षबागेत जा आणि वर न बघता आधी खाली जमिनीकडे बघा. मे महिन्याचा शेवट असेल, खरड छाटणीला (एप्रिलमधल्या छाटणीला) पन्नासेक दिवस झाले असतील, तर जमिनीवर पडलेल्या कवडशांवरून पुढच्या फेब्रुवारीत त्या बागेत काय माल निघणार याचा बराचसा अंदाज येतो. जमीन सगळी गडद सावलीत बुडालेली असेल तर खालच्या थरातल्या काड्या उपाशी आहेत. जमीन पांढरी तापलेली असेल तर पानोरा, म्हणजे वरचा पानांचा पसारा, कमी पडलाय, ऊन फुकट चाललंय. सावलीच्या मधोमध तळहाताएवढे कवडसे हलताना दिसले, तर त्या बागायतदाराचं काम बरोबर चाललंय.

मी निफाड तालुक्यात कादवेच्या काठाला द्राक्ष करतो. आमच्या आण्णांनी लावलेला मांडव नदीकडच्या काळ्या जमिनीत अजून उभा आहे, आणि वरच्या मुरमाड तुकड्यात मी वाय केलाय. मांडव म्हणजे डोक्यावर आडवं पसरलेलं तारांचं छप्पर, आणि वाय म्हणजे इंग्रजी Y सारखा, वर दोन हात फाकलेला सांगाडा. पाणी, औषधं, मजूर सगळं एकच, फरक फक्त जमिनीचा आणि सांगाड्याचा. आता पुतण्याला नवीन लागवड करायची आहे आणि त्याचा एकच प्रश्न असतो, "काका, मांडव टाकू का वाय?" बँकेचं कर्ज मंजूर झालंय पण सांगाड्याचे लोखंडी अँगल अजून विकत घेतलेले नाहीत, अशा टप्प्यावरच्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. कारण व्हरायटी पुढे बदलता येते, वरून कलम करून घेता येतं. सांगाडा एकदा उभा राहिला की पंधरा-वीस वर्षं त्याच्याबरोबर काढायची असतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की सांगाडा आपण घड टांगायला उभा करतो असं सगळ्यांना वाटतं, पण त्याचं खरं काम एप्रिलच्या फुटीवरच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे काडीवरच्या अंकुराला, ऊन दाखवणं हे आहे. घड टांगायला काय, साधी तारही पुरते.

घड कधी ठरतो

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये त्या काडीवर फळछाटणी घेतली की घड बाहेर पडतो. पण तो घड डोळ्यात घडलेला असतो खरड छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत. त्या काळात डोळ्याच्या आत एक इवलासा कोंब असतो आणि त्याचा घड होणार की बाळी (आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू) हे अजून ठरायचं असतं. ऊन, उष्णता आणि झाडातलं सायटोकायनिन हे संजीवक भरपूर असेल तर घड होतो. ढगाळ हवा, सावली, जादा नत्र, जादा पाणी आणि त्यामुळे शेंड्याची सुसाट वाढ चालू असेल तर जिबरेलिन या वाढीच्या संजीवकाचा जोर राहतो आणि बाळी होते. मध्येच अडकलं तर गोळी घड, म्हणजे धड घड नाही आणि धड बाळीही नाही. ऑक्टोबरमध्ये कितीही महागाचं पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावणं) केलं, तरी जूनमध्ये डोळ्यात जे झालंच नाही ते बाहेर येत नाही.

हे ऊन म्हणजे किती, तर द्राक्षाचं एक निरोगी पान त्याच्यावर पडलेल्या कामाच्या उन्हातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास स्वतःच घेतं. खालच्या पानाला उरतो दहावा हिस्सा. तिसऱ्या थरातल्या पानापर्यंत जवळपास काहीच पोचत नाही. ते पान झाडाचं खातं, देत काही नाही, आणि शेवटी पिवळं पडून गळतं. म्हणून पानोऱ्याची जाडी दीड-दोन पानांच्या वर गेली की पुढचं प्रत्येक पान ओझं आहे, असं धरून चाला.

फळछाटणीआधी लॅबमध्ये काड्या तपासून घेण्याची पद्धत आता सगळीकडे आहे. एका वर्षी मी मांडवातल्या एकाच झाडाच्या दोन काड्या मुद्दाम वेगळ्या बांधून नेल्या. एक वरच्या थरातली, तपकिरी, गोल, आठ-दहा मिलिमीटर जाड, पेरं आखूड. दुसरी खालून सावलीत वाढलेली, पेरं लांब, रंग अर्धा हिरवट, कापली तर आत गाभाच मोठा. तपासणाऱ्या मुलाने ब्लेडने डोळा उभा चिरला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. पहिल्या काडीच्या डोळ्यात फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा घड अगदी फांद्यांसकट दिसत होता. दुसरीच्या डोळ्यात एक वाकडी बाळी, बस. झाड एक, मुळं एक, खत एक. दोन काड्यांमध्ये अंतर जेमतेम दीड फुटाचं. तेव्हापासून मी सांगाड्याचा विचार या डोळ्यापासून सुरू करतो.

२०२५ साली पावसाने मे महिन्यातच सुरुवात केली आणि ऐन घडनिर्मितीत ढग हटायला तयार नव्हते. अशा वर्षी उन्हावर आपला हात नसतो. पण जे थोडकं ऊन मिळालं ते किती डोळ्यांपर्यंत पोचलं, हे सांगाडा आणि फुटींची विरळणी यांवर ठरतं. आमच्याकडे वायवर बऱ्यापैकी घड निघाले, मांडवाच्या कडांनाही निघाले. मांडवाच्या पोटात मात्र बाळ्यांचा भरणा होता.

आधी जमीन, मग सांगाडा

पुतण्याला मी पहिल्यांदा खड्डा घ्यायला लावला. तीन फूट खाली काळीच माती निघते की मुरूम लागतो, यावर झाडाचा जोर ठरतो, आणि जोरावर सांगाडा. त्यात खुंट, म्हणजे ज्यावर कलम भरतो ते खालचं मुळांचं झाड, कोणता हेही धरा. डॉगरिज हा खुंट मुळातच जोरदार. भारी जमिनीत डॉगरिजवर थॉमसन किंवा सोनाका ही जात लावली तर झाडाला अंगभर पसरायला जागा लागते. तीच जागा तुम्ही अरुंद वायवर दिली, की फुटी एकमेकींवर चढतात, वरचा शेंडा धावतो आणि खालचे डोळे सावलीत जातात. मग माणूस काय करतो, तर छाटतो. छाटलं की झाड आणखी जोरात फुटतं. जोरदार झाडाला छाटून दाबता येत नाही, त्याला जागा द्यावी लागते: ओळींतलं अंतर वाढवा, मांडव करा किंवा वाढीव वाय करा. हलक्या, मुरमाड जमिनीत, विशेषतः ११० आर खुंटावर, उलट होतं. तिथे मांडव केला तर झाडाला तो भरून काढताच येत नाही, मधेमधे आभाळ दिसत राहतं आणि तेवढ्या तारेचा, लोखंडाचा पैसा अडकून बसतो. तिथे वाय छान बसतो.

जोर आणि जागा यांचा हा मेळ फार जुना शोध आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे नेल्सन शॉलिस यांनी १९६० च्या दशकात दाट वाढणाऱ्या काँकर्ड द्राक्षाचा एकच जाड पडदा दोन पडद्यांत फोडून दाखवला. झाडं तीच, जमीन तीच, पण आतल्या पानांना आणि डोळ्यांना ऊन मिळालं आणि उत्पादनही वाढलं. आपला वाय दिसायला वेगळा असला तरी करतो तेच: मधून फाडून पानोऱ्याच्या दोन बाजू उघड्या करतो.

आता एकेक प्रकार

मांडवात काड्या आडव्या पसरतात. आडव्या काडीत शेंड्याची मक्तेदारी कमी होते, डोळे सारखे फुटतात, आणि घड पानांच्या छपराखाली लोंबतो. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात मणी भाजत नाहीत, रंग एकसारखा हिरवा-दुधी राहतो, मण्याला फुगवण चांगली मिळते. एकरी माल सगळ्यात जास्त मांडवच देतो, यात मला शंका नाही. पण तो देतो ते पानोरा पातळ ठेवणाऱ्यालाच. लक्ष हटलं की चार-पाच पानांचा थर होतो, खाली दमट हवा कोंडते, आणि डाउनी, भुरी हे बुरशीचे रोग आणि मिलीबग ही कीड, तिन्हींना घर मिळतं. भुरीला सावली आवडते, थेट ऊन तिला मानवत नाही. मिलीबग तर ओलांड्याच्या (खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या कायमच्या फांदीच्या) सालीखाली अशा जागी बसते की ब्लोअरचा फवारा तिथे शिरतच नाही.

मांडवाची दुसरी बाजू मजुरांची आहे. आमच्याकडे पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात. विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), घडाखालची पानं काढणं, ही सगळी कामं साडेसहा-सात फुटांवरच्या घडाला हात वर करून करायची. दिवसभर मान वर आणि हात वर. दुपारनंतर कात्री कशी चालते हे कोणीही उभं राहून बघावं. मण्यांना जखमा तेव्हाच होतात. वायवर घड छातीच्या ते डोळ्याच्या उंचीला येतो. त्याच बाया, तेवढ्याच वेळात, जास्त आणि स्वच्छ काम करतात. उंची ठरवताना तारेचा हिशोब करण्याआधी कात्री कोणाच्या हातात असणार त्यांच्या उंचीचा हिशोब करा, हे मी फार मनापासून सांगतो.

वायची कमजोरी उन्हाची. फुटी तिरक्या वर जातात, मधला भाग उघडा, हवा खेळती, फवारणी चांगली, डोळ्यांना ऊन भरपूर. पण पानोरा कमी पडला तर घड एका बाजूने उघडा पडतो. दुसरं म्हणजे तिरक्या फुटीतही वरचा शेंडा जोर खातो, म्हणून शेंडा वेळेवर मारण्याची शिस्त वायवर जास्त लागते.

वाढीव वायमध्ये त्याच वायच्या वर आणखी उंच दांडा घेऊन दोन ओळींमधल्या जागेवर तारा ओढतात. जास्तीचे शेंडे त्यावर पसरतात, घडावर सावलीची कड येते, पानांची संख्या वाढते. भारी जमिनीत नवीन लागवड असेल तर माझा कौल आज याला आहे. प्लास्टिकचं आच्छादन टाकायचं मनात असेल तर त्याचा भारही त्याच सांगाड्यावर घेता येतो, मात्र प्लास्टिकखाली ऊन कमी होतं हे लक्षात ठेवून काड्या कमी ठेवाव्या लागतात.

टी किंवा टेलिफोन पद्धत स्वस्तात होते म्हणून अजूनही कुठे कुठे दिसते. आडव्या दांड्यावरून फुटी खाली लोंबतात, लोंबत्या फुटीची वाढ मंदावते आणि घड उघडा राहतो. खाण्याच्या हिरव्या द्राक्षाला आपल्या उन्हात मी ती सुचवणार नाही. वाइनच्या बागांत फुटी सरळ उभ्या भिंतीसारख्या बांधतात. तिथे मणी लहान, माल कमी आणि सालीत रंग-वास हवा असतो, हिशोबच वेगळा.

काळ्या द्राक्षांबद्दल एक सांगून ठेवतो. जुन्नर, नारायणगावकडे शरद, जम्बो करणारे बागायतदार ओळखीचे आहेत. काळ्याला रंगासाठी ऊन लागतं म्हणून घड उघडे करायचे, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. रंगासाठी पानांना ऊन हवं आणि घडाला विखुरलेला उजेड. मणी थेट कडक उन्हात तापला तर रंग उलट फिका राहतो. तेव्हा काळ्यालाही वरून पातळ छप्पर हवंच. आणि तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्यासाठी बाग करणाऱ्याला मण्याच्या आकारापेक्षा साखर जास्त महत्त्वाची. त्याने वायवर पानं भरपूर आणि घड मोजके ठेवावेत.

उभारणी

वायची ओळ दक्षिणोत्तर घ्या. सकाळी पूर्वेच्या हाताला आणि दुपारनंतर पश्चिमेच्या हाताला ऊन मिळतं. शेताचा आकार आडवा आहे, ट्रॅक्टरला वळायला सोपं पडतं, म्हणून पूर्व-पश्चिम ओळी घेणारे आहेत; हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे एकच बाजू दिवसभर तापते आणि दुसरी थंड राहते. घड दोन रंगांचा होतो.

मध्यम जमिनीत नऊ बाय पाच फूट, म्हणजे एकरी ९६८ झाडं. भारी जमिनीत दहा बाय सहा, म्हणजे ७२६. वायचा ओलांडा चार ते साडेचार फुटांवर, दोन हातांमधला कोन १०० ते ११० अंशांचा. कोन याहून अरुंद केला तर फुटी मध्ये कोंबल्या जातात. फार उघडा केला तर दोन ओळींमधली मोकळी जागा मिटते. साध्या वायला दोन ओळींच्या टोकांमध्ये किमान तीन फूट आभाळ दिसलंच पाहिजे, तिथूनच ऊन खाली शिरतं.

ओलांड्याची तार जाड घ्या, वरच्या तारा बारीक चालतात. खरा भार कडेच्या अँगलवर येतो. दहा-अकरा टन माल, ओला पानोरा आणि फेब्रुवारीतला वारा, हे सगळं शेवटी त्या दोन टोकांवर ओढ घेतं. कडेचा अँगल बाहेरच्या बाजूला कललेला आणि त्याचा ताण जमिनीत खोल, काँक्रीटमध्ये बसवलेला हवा. इथे वाचवलेला पैसा दुसऱ्या-तिसऱ्या मोसमात झोळ पडलेल्या तारेच्या रूपात दिसतो, आणि तार झोळली की घड एकमेकांवर टेकतात. तारा दरवर्षी खरड छाटणी झाल्या झाल्या ओढून घ्या, तेव्हा झाडावर वजन नसतं.

ओलांडा: इथे घाई करू नका

सांगाडा कितीही चांगला असो, त्यावरचा ओलांडा बिघडला तर सगळं वाया जातं. म्हणून हा भाग नीट वाचा.

जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावला, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत रिकट घेतला (कलमाची वाढ खाली कापून घेतली), असं धरू. रिकटनंतर एकच जोमदार फूट ठेवून ती बांबूला सुतळीने सैल बांधत न्यायची. खोड सरळ हवं. फूट तारेच्या चार-पाच इंच वर गेली, की तारेच्या खाली चार-सहा इंचांवर शेंडा मारायचा. तारेच्या खाली मारल्यामुळे निघणाऱ्या दोन बगलफुटी हळूच वळून तारेवर बसतात. तारेवरच मारला तर काटकोनात वळतात आणि पुढे वजनाने तिथेच चिरतात.

आता या दोन फुटींचे ओलांडे करायचे. इथेच बहुतेकांना मोह होतो: फूट जोरात धावतेय, धावू दे, पंधरा दिवसांत दोन्ही झाडांमधली जागा भरून निघेल. निघते खरी. पण एका दमात वाढवलेल्या ओलांड्यावर पुढच्या छाटणीला फक्त टोकाकडचे डोळे फुटतात, कारण टोक मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. खोडाजवळचा दीड-दोन फूट ओलांडा उघडा राहतो. तो उघडा भाग झाडाच्या आयुष्यभर उघडाच राहतो, आणि तेवढ्या जागेचा माल दरवर्षी जातो.

त्यामुळे थांबत थांबत न्या. फूट आठ-नऊ पानांची झाली की तारेवर बांधून सहा-सात पानांवर शेंडा मारा. चार-सहा दिवसांत प्रत्येक पेऱ्यातून बगलफुटी येतात. सगळ्यात पुढची पुढे जाऊ द्या, ती ओलांडा. मागच्या उभ्या वाढवा, त्या पुढच्या मालकाड्या. पुढची पुन्हा आठ-नऊ पानांवर आली की पुन्हा तेच. शेजारच्या झाडाच्या ओलांड्याला टेकेपर्यंत असं टप्प्याटप्प्याने न्यायचं. वेळ जास्त लागतो, पण ओलांड्याच्या दर तीन-चार इंचांवर एक काडी बसलेली असते. मालकाड्या ओलांड्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठेवा, एकाच बाजूला नको.

पहिल्या वर्षी ओलांडा पूर्ण आणि बोटाएवढा जाड झाला नसेल तर घड घेऊ नका. कर्जाचा हप्ता समोर दिसत असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही घेऊ नका.

एप्रिलमध्ये छाटणीनंतर ओलांडा उघडा पडतो आणि आडवा असल्यामुळे त्याची वरची बाजू थेट उन्हात येते. चाळीसच्या पुढच्या तापमानात साल भाजते, डोळे मागेपुढे फुटतात. त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ओलांड्यावर पाण्याची फवारणी करा, शक्य असेल तर वर शेडनेट ओढा. फूट मागेपुढे निघाली तर डोळ्यात घडही मागेपुढे होतात आणि सगळं वर्ष तारांबळ उडते.

काड्या किती, पानं किती

खरड छाटणीनंतर फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या की फेलफूट, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढून टाका. निर्यातीच्या मालासाठी माझा हिशोब दीड चौरस फुटाला एक घड असा आहे. नऊ बाय पाच म्हणजे ४५ चौरस फूट, म्हणजे झाडाला तीस घड. घड साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा धरला तर एकरी दहा-अकरा टन. लोकलसाठी करणारे एका चौरस फुटाला एक घड ठेवतात. काड्या घडांपेक्षा थोड्या जास्त ठेवा, कारण प्रत्येक काडीवर घड येईलच असं नाही, पण दुप्पट ठेवू नका. पुतण्या म्हणाला, "असू द्या ना काका, नंतर काढू." नंतर म्हणजे कधी? घडनिर्मितीचे दिवस गेल्यावर काडी काढून उपयोग काय, तिने तोवर शेजारणीच्या डोळ्यावर सावली धरलेलीच असते.

भारी जमिनीत सबकेन करा: फूट नऊ-दहा पानांची झाली की सात पानांवर शेंडा मारायचा, वरच्या डोळ्यातून निघालेली बगलफूट पुढे पाच पानांवर पुन्हा थांबवायची. शेंडा थांबला की जोर डोळ्यांकडे वळतो आणि शेंडा मारलेल्या जागी होणाऱ्या गाठीच्या आसपासचे डोळे चांगले भरतात. ऑक्टोबरमध्ये गाठीपुढे एक डोळा राखून छाटणी घेतो. मुरमाड तुकड्यात झाडाला मुळातच एवढा जोर नसतो, तिथे सरळ काडी ठेवतो.

फळछाटणीनंतर अर्धा किलोच्या घडामागे पंधरा-सोळा निरोगी पानं हवीत. ही पानं उन्हातली मोजायची, सावलीतली नाहीत. पानं कमी असतील तर मण्याला आकार येतो पण साखर चढत नाही. जास्त असतील तर घड अंधारात जातो, मणी मऊ पडतो, पेटीत टिकत नाही. निर्यातीला १८ मिलिमीटरचा मणी हवा म्हणून जीएचे (जिबरेलिक ॲसिडचे) डिप वाढवत नेणारे बागायतदार पानं मोजत नाहीत, आणि मग साखर का येत नाही म्हणून पोटॅश ओतत बसतात.

घड आणि ऊन

घडाजवळची दोन-तीन पानं काढायची असतील तर मणी सेटिंगच्या, म्हणजे फुलांतून मणी धरण्याच्या, सुमारास काढा. लहान हिरव्या मण्याची साल उन्हाला हळूहळू सरावते. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडायला लागल्यावर) एकदम पानं काढली तर सावलीत वाढलेला मणी दोन दिवसांत भाजतो.

वायवर पश्चिमेच्या हाताकडे खास लक्ष ठेवा. दुपारी तीन-चारचं तिरकं ऊन पानांच्या खालून घडावर येतं. त्या बाजूचे शेंडे जरा लांब ठेवून खाली झुकू द्या, पूर्वेकडचे आखूड चालतील. दोन्ही बाजू एकाच मापात कापणारा मजूर कामाला चोख वाटतो, पण इथे ते माप चुकतं. त्याला आधी उभं करून समजावून सांगा.

आणि पिंक बेरी. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री अशी थंडी आणि दिवसा उघड्या घडावर ऊन, की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक चढते आणि निर्यातीचा माल लोकलला जातो. मांडवात हे कमी होतं, कारण घड छपराखाली असतो. वायवर पाणी उतरायच्या आधी घडांना पेपर लावावे लागतात. वायचा खर्च मांडताना पेपर आणि त्याची मजुरी धरा. मांडवाचा खर्च मांडताना जास्तीच्या फवारण्या धरा. नुसत्या लोखंडाच्या किमतीवर तुलना केली तर ती खोटी ठरते.

जुना मांडव असेल तर

ज्यांच्याकडे आण्णांच्या मांडवासारखा जुना मांडव उभा आहे त्यांनी तो पाडायची घाई करू नये. पुढच्या खरड छाटणीला दोन ओळींच्या बरोबर मध्ये दीड-दोन फुटांची पट्टी मोकळी करा. त्या पट्टीवर आलेल्या काड्या बुडापासून काढा आणि वर्षभर तिथे आलेला प्रत्येक शेंडा मागे कापत राहा, तारा तशाच राहू द्या. एका मांडवाचे असे पट्टे होतात, प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांतून ऊन आणि हवा आत येते, ब्लोअरची हवाही वरून निघून जाते. पट्टी पाडल्यामुळे झाडावरच्या काड्या कमी होतात, त्यामुळे पहिल्या ऑक्टोबरला घड कमी वाटतील. त्या वर्षी उरलेल्या काड्या दाट करून भरपाई करू नका. जूनमध्ये खालच्या थरातल्या काड्यांचा रंग बघा. त्या खालून तपकिरी व्हायला लागल्या की दुसऱ्या वर्षी पट्टीचं माप तेवढंच ठेवा. अजून हिरवट असतील तर अर्धा फूट आणखी वाढवा.